खुर्च्यांचा हिशेब द्या: क्रिकेट संघटनांना एका क्रीडाशिक्षकाचं खुलं पत्र

प्रति,
पदाधिकारी,
भारतीय क्रिकेट नियामक मंडळ
तसेच मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ क्रिकेट संघटना

विषय: मैदानात बसून सामना बघण्याचा खर्च आणि विक्रीला न येणारी तिकिटं

स.न.वि.वि.

कल्याणमधल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी क्रीडाशिक्षक आहे. मुलांच्या भाषेत पीटीचे सर. शाळेला स्वतःचं मैदान नाही. पालिकेच्या मैदानावर सकाळी आमची नेट लागते आणि टेनिस बॉलवाले आले की काढावी लागते. सीझन बॉलने खेळणारी ही मुलं-मुली रिक्षा चालवणाऱ्यांची, पोळीभाजी केंद्रात राबणाऱ्यांची, दुकानात हिशेब लिहिणाऱ्यांची आहेत. बुमराचा रन-अप कुठे थबकतो, रोहित शर्मा पुल मारताना मागचा पाय कुठे टाकतो, हे त्यांना तोंडपाठ आहे. वानखेडे स्टेडियम त्यांच्या घरापासून लोकलने दीड तासावर आहे. तरी बहुतेकांनी भारताच्या पुरुष संघाचा एकही सामना तिथे बसून पाहिलेला नाही.

22 सप्टेंबर 2025पासून आयपीएलच्या तिकिटावरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 40 टक्के झाला. मूळ दर हजार रुपये असलेलं तिकीट आधी 1,280 रुपयांना पडायचं, ते 1,400ला पडू लागलं. कॅसिनोला जो कर, तोच आयपीएल बघायला जाणाऱ्याला. कर सरकारने लावला, तुम्ही नाही, हे मला कळतं. पण या वाढीविरुद्ध प्रेक्षकाच्या बाजूने तुमच्यापैकी कुणी ठामपणे उभं राहिल्याचं माझ्या तरी वाचनात आलं नाही. प्रक्षेपणाच्या हक्कांची बोली लागते तेव्हा मात्र तुमच्या पत्रकार परिषदा होतात. आयपीएलचे 2023 ते 2027चे हक्क 48,390 कोटींना गेले, हा आकडा माझ्या सातवीतल्या पोरांनाही माहीत आहे. तिकीट काढून आत येणाऱ्याविषयी बोलायची वेळ आली की सगळीकडे शांतता. म्हणून हे पत्र.

आधीच सांगतो, केवळ दर कमी करा एवढंच माझं म्हणणं नाही. तिकिटावर छापलेला आकडा हा खर्चाचा लहानसा भाग असतो. मुळात तिकीट खिडकीपर्यंत येतच नाही आणि सगळी महागाई तिथून सुरू होते. स्टेडियममधल्या खुर्च्यांपैकी किती खुर्च्या सामान्य माणसाला विकत घेता येतात, याचा हिशेब तुम्ही देत नाही. तो मागण्याचा हक्क मला आहे असं मी समजतो. का, ते सांगतो.

वानखेडे स्टेडियमचा जन्मच तिकिटांच्या भांडणातून झाला. त्याआधी मुंबईतले कसोटी सामने ब्रेबॉर्नवर व्हायचे. ते मैदान क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. सामना आला की बॉम्बे क्रिकेट असोसिएशनच्या (म्हणजे आजच्या मुंबई क्रिकेट संघटनेच्या) वाट्याला जागा किती, यावरून दर वेळी वाद व्हायचा. शेवटी असोसिएशनचे तेव्हाचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी ठरवलं की आपलं वेगळं मैदान बांधायचं. चर्चगेटच्या पलीकडे, ब्रेबॉर्नपासून हाकेच्या अंतरावर, सरकारी जमिनीवर ते उभं राहिलं आणि जानेवारी 1975मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तिथे पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉइडने नाबाद 242 ठोकल्या ती. ज्या संस्थेने आपल्या लोकांना पुरेशा जागा मिळत नाहीत म्हणून अख्खं स्टेडियम उभं केलं, तिला आज जागांचा प्रश्न समजावून सांगावा लागतोय.

2 एप्रिल 2011चा विश्वचषकाचा अंतिम सामना आठवा. नूतनीकरणात वानखेडेची क्षमता सुमारे 45,000वरून 33,000च्या आसपास आली होती. त्यातली सर्वसामान्यांसाठी किती? सुमारे 4,000. बाकीची संलग्न क्लब, आयसीसी, प्रायोजक आणि मानकरी यांच्यात वाटली गेली. ऑनलाइन विक्री सुरू झाली आणि संकेतस्थळ कोसळलं. नोव्हेंबर 2013मध्ये सचिनची दोनशेवी आणि शेवटची कसोटी झाली, तेव्हा विक्रीला सुमारे 5,000 तिकिटं आली आणि तेव्हाही संकेतस्थळ कोसळलं. त्या तिकिटांचे दर परवडणारे होते, पाचशेपासून पुढे. पण सात तिकिटांतलं जेमतेम एक लोकांपर्यंत येणार असेल तर छापील दर पाचशे असो की पाच हजार, बाहेर चर्चगेटच्या भुयारी मार्गापाशी उभ्या असलेल्या माणसाला तो वेगळाच सांगितला जातो.

2018मध्ये मंडळाची नवी घटना लागू झाली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती लोढा समितीच्या शिफारशींवर आधारलेल्या या घटनेत एक चांगली गोष्ट होती. 90 टक्के तिकिटं विक्रीला ठेवायची, मोफत पास 10 टक्क्यांच्या आत. लगेच काय झालं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्या ऑक्टोबरमध्ये पासांच्या वाट्यावरून वाद होऊन भारत-वेस्ट इंडीज एकदिवसीय सामना इंदूरहून विशाखापट्टणमला गेला. त्याच मालिकेतला मुंबईचा सामनाही पास आणि करारावरची सही यांच्या गोंधळात वानखेडेवरून हलला. कुठे? ब्रेबॉर्नवर! रोहित शर्माने तिथे 162 धावा केल्या म्हणून लोक ते विसरले. नव्वद टक्के तिकिटं लोकांना विकायची अट संघटनांना इतकी जड गेली की सामने गावं बदलू लागले. हे उघड झाल्यावर तरी दर सामन्यानंतर आकडे जाहीर व्हायला हवे होते. तो नियम आज किती पाळला जातो, हे बाहेरच्या माणसाला तपासायचं असेल तर त्याने काय बघायचं? एक साधा तक्तासुद्धा कुठे नसतो.

आता प्रत्यक्ष खर्चाकडे येतो.

कल्याणहून चौघांचं कुटुंब आयपीएलच्या सामन्याला निघालं असं समजू. मूळ हजाराची चार तिकिटं, करासह 5,600 रुपये. वर बुकिंगचं शुल्क. पाण्याची बाटली गेटवर काढून घेतात, त्यामुळे आत पाणी विकत. डबाही नाही, त्यामुळे खाणंही विकत, आणि आतल्या दराबद्दल भांडून उपयोग नसतो. सामना साडेसातला सुरू होतो आणि साडेअकराच्या पुढे संपतो. गेटातून बाहेर पडायला अर्धा तास, चर्चगेटवरून सीएसएमटीपर्यंत लहान मुलाला ओढत चालत जायचं आणि शेवटची कर्जत किंवा कसारा पकडायची. ती चुकली तर टॅक्सी. रात्री कल्याणपर्यंत दीड हजाराच्या खाली कुणी येत नाही. दुसऱ्या दिवशी बापाची रिक्षा दुपारपर्यंत बंद. सगळं मिळून आठ-नऊ हजारांचा हा एक सामना, तोही तिकीट छापील दराने मिळालं तर! रिक्षावाल्याला चांगल्या दिवशी गॅस आणि भाडं जाऊन आठशे-हजार सुटतात. हा हिशेब मला कुण्या अभ्यासातून मिळाला नाही. पालकसभेनंतर पालकच मला तो तोंडी करून दाखवतात.

पुणे आणि नागपूरकरांचा हिशेब वेगळा आहे, पण हलका नाही. गहुंजे आणि जामठा, दोन्ही मैदानं गावाबाहेर. नागपूरकरांना पूर्वी सदरच्या मैदानावर सायकल टाकून जाता यायचं. आता बस किंवा स्वतःची गाडी आणि तिचं पार्किंग. आणि गहुंजेला ऑक्टोबर 2024मध्ये भारत-न्यूझीलंड कसोटीच्या पहिल्या दिवशी काय झालं ते सर्वांनी वाचलं. बहुतेक स्टँडवर छप्पर नाही, डोक्यावर ऑक्टोबरचं ऊन आणि प्रेक्षकांना प्यायला पाणी नाही. संघटनेने माफी मागितली, हे नोंदवतो. पण कसोटी क्रिकेट वाचवा म्हणून भाषणं होतात आणि पैसे भरून आलेल्या माणसाला घोटभर पाणी मिळत नाही. टीव्हीसमोरून उठून मैदानात यायला त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं?

यानंतरचा मुद्दा वेळेचा. तो माझ्यासारख्यांच्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

2019चा विश्वचषक इंग्लंडमध्ये झाला. त्याचं वेळापत्रक एप्रिल 2018मध्ये आलं आणि तिकिटांसाठी सोडत त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निघाली. म्हणजे लोकांना नऊ-दहा महिने मिळाले. आपल्याकडचा 2023चा विश्वचषक 5 ऑक्टोबरला सुरू झाला. वेळापत्रक आलं 27 जूनला. 9 ऑगस्टला त्यातल्या नऊ सामन्यांच्या तारखा आणि वेळा बदलल्या, भारत-पाकिस्तानसुद्धा एक दिवस आधी आला. तिकिटांची विक्री सुरू झाली 25 ऑगस्टला. ज्यांनी 15 ऑक्टोबर धरून अहमदाबादची रेल्वे आणि हॉटेलं आधीच घेतली होती त्यांचं काय झालं, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. ई-तिकीट नव्हतं, छापील तिकीट कुरिअरने मागवा नाहीतर केंद्रावर जाऊन घ्या. कल्याण, बदलापूर, विरारच्या माणसाला त्या केंद्रावर जाणं म्हणजे एका दिवसाची रजा.

एका शिक्षकाला मुलं न्यायची असतील तर? मुख्याध्यापकांची परवानगी, संस्थेची मंजुरी, पालकांची संमतीपत्रं आणि मग पैसे. पैसे एकदम येत नाहीत, कुणाचे पगार झाल्यावर, कुणाचे भिशी लागल्यावर. तुमची विक्री सुरू होते एका दुपारी मोबाइलवर आणि काही मिनिटांत संपते. एका खात्यावर दोन किंवा चार तिकिटं मिळतात. काळा बाजार थांबवायला ही मर्यादा आहे, मान्य. पण त्यामुळे शाळेचा गट एकत्र बसूच शकत नाही. वीस मुलं पाच वेगवेगळ्या ब्लॉकमध्ये सोडून मी कुठे उभा राहू? शाळेच्या लेटरहेडवर अर्ज करून गटाचं आरक्षण करता येईल, अशी सोय मला तरी कधी दिसली नाही.

आणि ती मर्यादा असूनही काळा बाजार थांबत नाहीच. 2023च्या नोव्हेंबरमध्ये वानखेडेवरच्या भारत-न्यूझीलंड उपांत्य सामन्याची तिकिटं कित्येक पटींनी विकल्याच्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी अटका केल्या. त्याच स्पर्धेत कोलकात्यातही तिकिटांच्या काळ्या बाजाराचा तपास झाला. प्रत्येक तिकिटावर ब्लॉक, रांग, खुर्ची छापलेली असते. पकडलेलं तिकीट कुणाच्या कोट्यातून आलं होतं, हे तुमच्याच नोंदवहीत असतं. ते जाहीर करायला कुणाची परवानगी लागते?

आता तुमची बाजू. मागणी प्रचंड आणि खुर्च्या मोजक्या, मग दर चढणारच, असं तुम्ही म्हणाल. बाजाराचा नियम म्हणून हे ठीक. पण तुमचं दुकान बाजाराच्या नियमाने चालत नाही. वानखेडेची जमीन सरकारची, भाडेपट्ट्याने दिलेली. बंदोबस्ताला पोलीस सरकारचे. त्या बंदोबस्ताचं शुल्क राज्य सरकारने 2023मध्ये कमी केलं आणि तेही 2011पासून मागे जाऊन. त्यावर उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. सार्वजनिक जमीन आणि सार्वजनिक पोलीस स्वस्तात घेताना तुम्ही जनतेचे असता. खुर्ची विकताना मात्र बाजाराचे होता.

पैशाचं कारणही टिकत नाही. भारतात होणाऱ्या द्विपक्षीय सामन्यांचे 2023 ते 2028चे हक्क 5,963 कोटींना गेले, 88 सामन्यांसाठी. म्हणजे एका सामन्यामागे सुमारे 67 कोटी 75 लाख. आता वानखेडेच्या 33,000 खुर्च्या घ्या आणि प्रत्येक खुर्ची सरासरी दोन हजारांना विकली गेली असं धरा. होतात 6 कोटी 60 लाख. त्यातल्या 8,000 खुर्च्या दोन हजारांऐवजी तीनशेला दिल्या तर नुकसान 1 कोटी 36 लाखांचं. प्रक्षेपणाच्या पैशाच्या दोन टक्के. गेटचा पैसा स्थानिक संघटनेचा आणि प्रक्षेपणाचा मंडळाचा, असं उत्तर येईल. मग मंडळाने संघटनांना जो वाटा द्यायचा त्यात हे दोन टक्के धरा. आठवीतल्या मुलाला हे गणित घातलं तर तो दोन मिनिटांत सोडवेल.

शिवाय तुम्ही टीव्हीला जे विकता त्यात आम्हीसुद्धा असतो. 2020मध्ये कोविडच्या काळात आयपीएल अमिरातीत रिकाम्या स्टेडियममध्ये झाली, तेव्हा प्रक्षेपणात प्रेक्षकांचा ध्वनिमुद्रित आवाज भरावा लागला होता. नॉर्थ स्टँडच्या आरोळ्यांवर तुमच्या जाहिराती उभ्या राहतात. तो आवाज करणारी पोरं परळ-लालबागची, गिरगावची, डोंबिवली-कल्याणची होती. पासावर येऊन दुसऱ्या डावाच्या दहाव्या षटकाला ट्रॅफिक टाळण्यासाठी उठणाऱ्यांकडून तो निघत नाही. (सगळे पासवाले तसे असतात असं नाही. जुन्या क्लबांतले काही म्हातारे खेळाडू पासावर येतात आणि शेवटच्या चेंडूपर्यंत हलत नाहीत. त्यांच्या खुर्च्यांना कुणी हात लावू नये.)

4 जुलै 2024ची संध्याकाळ तुम्ही पाहिली आहे. ट्वेंटी-20 विश्वचषक जिंकून आलेल्या संघासाठी वानखेडेचे दरवाजे मोफत उघडले होते. पावसात, तासन्‌तास आधीपासून स्टेडियम भरलं आणि बाहेर मरीन ड्राइव्हवर मुंगीला वाट नव्हती. तिथे चेंडू पडणार नव्हता, बॅट चालणार नव्हती. फक्त आत बसायला मिळणार होतं. माझ्या शाळेचे दोन माजी विद्यार्थी त्या गर्दीत होते आणि त्यांना आत जाता आलं नाही, तरी आठवडाभर तेच सांगत होते. पुढच्या वर्षी 4 जूनला बंगळूरूत चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर विजयोत्सवाच्या गर्दीत 11 जणांचा जीव गेला. त्याच्या कारणांत मी पडत नाही. पण एरवी ज्यांना आत शिरायला मिळत नाही त्यांना एक दिवस दार उघडं दिसलं की काय होतं, याचा विचार संघटनांनी नियोजनाआधी करायला हवा.

टीव्हीवर, मोबाइलवर सगळं दिसतं, मग मैदानात कशाला, असं मला एका पालकाने विचारलं होतं. प्रश्न चुकीचा नव्हता. मार्च 2024मध्ये मुंबई-विदर्भ रणजी अंतिम सामना वानखेडेवर झाला. प्रवेश मोफत होता. शाळेची परवानगी काढून मी पाचव्या दिवशी काही मुलांना घेऊन गेलो. 538 धावांचा पाठलाग करताना अक्षय वाडकर शतक करून किल्ला लढवत होता, आणि मुंबईची मुलं असूनही आमची अर्धी पोरं दुपारपर्यंत विदर्भाच्या बाजूला गेली होती. आमचा यष्टिरक्षक, आठवीतला मुलगा, फलंदाजाकडे बघतच नव्हता. त्याचं लक्ष मुंबईच्या कीपरवर. वेगवान गोलंदाजाला तो किती मागे उभा राहतो, षटक संपल्यावर कुठून पळत जातो, थ्रो येण्याआधी स्टंपच्या कुठल्या बाजूला पोचतो. "सर, टीव्हीवर हे दाखवतच नाहीत," तो म्हणाला. टीव्ही चेंडू दाखवतो. चेंडू नसताना अकरा माणसं काय करतात ते मैदानातच दिसतं. पुढच्या सोमवारी नेटमध्ये तो चार पावलं मागे उभा राहिला. मी वर्षभर सांगून जे झालं नव्हतं ते एका दिवसात झालं. धवल कुलकर्णीने शेवटची विकेट काढली, मुंबईचं बेचाळिसावं विजेतेपद झालं आणि आम्ही वडापाव खाऊन अंधार पडायच्या आत घरी आलो. खर्च फक्त लोकलच्या तिकिटाचा.

मुलींचं सांगायचं राहिलं. 2025च्या महिला विश्वचषकात साखळी सामन्यांची तिकिटं 100 रुपयांपासून होती. भाऊबीजेच्या दिवशी, 23 ऑक्टोबरला, भारत-न्यूझीलंड सामना नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर होता. ज्या पालकांना जमलं त्यांनी आपापली तिकिटं काढली आणि ठाण्याला गाडी बदलून आम्ही गेलो. स्मृती मानधना आणि प्रतीका रावल, दोघींची शतकं. काही मुलींच्या आया आयुष्यात पहिल्यांदा स्टेडियममध्ये बसल्या होत्या. त्यातल्या एकीने दोन षटकांत पॉवरप्लेची भानगड समजून घेतली आणि नंतर मलाच क्षेत्ररक्षणाची चूक दाखवली. दिवाळी संपल्यावर शाळा उघडली तेव्हा नेटला येणाऱ्या मुली वाढल्या होत्या. शंभर रुपयांच्या तिकिटाने हे केलं. ते श्रेय आयोजकांना मी इथे जाहीरपणे देतो. 2026च्या ट्वेंटी-20 विश्वचषकाची भारतातली तिकिटंही 100 रुपयांपासून जाहीर झाली, हेही चांगलंच. पण त्या दराच्या खुर्च्या एकूण किती, हे मला कुठेही छापलेलं सापडलं नाही. प्रश्न पुन्हा तिथेच येतो.

तर मागण्या या.

प्रत्येक आंतरराष्ट्रीय आणि आयपीएल सामन्यानंतर पंधरा दिवसांच्या आत संघटनेने संकेतस्थळावर तक्ता टाकावा: एकूण खुर्च्या, जनतेला विकलेल्या, कुठल्या दराने किती, मोफत दिलेल्या आणि त्या कुठल्या गटाला किती. व्यक्तींची नावं नकोत. क्लब, प्रायोजक, सरकारी खाती, पोलीस, पालिका, एवढी वर्गवारी पुरे. दहा टक्क्यांची मर्यादा ओलांडली असेल तर का, ते एका ओळीत. माझ्या सगळ्या मागण्यांपैकी एकच मान्य करायची असेल तर ही करा.

आंतरराष्ट्रीय सामन्याच्या किमान एक चतुर्थांश खुर्च्या पाचशे रुपयांच्या आत ठेवाव्यात. मान्यताप्राप्त क्रीडा स्पर्धेच्या पाचशेपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही. त्याच्या वर गेलं की 18 टक्के लागतो. म्हणजे ही सवलत सरकारने आधीच देऊन ठेवली आहे, तुम्ही फक्त दर तिथे थांबवायचा आहे. आयपीएललाही पाचशेच्या आतल्या तिकिटांपुरती हीच करमाफी मिळावी म्हणून मंडळाने जीएसटी परिषदेकडे लेखी मागणी करावी आणि ते पत्र प्रसिद्ध करावं.

प्रत्येक सामन्याला एक ब्लॉक शाळांसाठी राखावा. शाळेच्या अर्जावर, शिक्षकाच्या जबाबदारीवर, एकत्र बसायच्या जागा. जानेवारी 2024मध्ये हैदराबाद संघटनेने भारत-इंग्लंड कसोटीला रोज 5,000 याप्रमाणे 25,000 विद्यार्थ्यांना मोफत प्रवेश आणि जेवण जाहीर केलं होतं. आम्हाला जेवण नको, डबा आणू द्या. कसोटीचं तिकीट दिवसाचं सुटं मिळावं, पाच दिवसांचं एकत्र घ्यायची सक्ती नसावी.

विक्री सामन्याच्या निदान तीस दिवस आधी सुरू व्हावी, आणि तिचा काही हिस्सा ठाणे, कल्याण, वसई, पनवेलला खिडकीवर मिळावा. ज्याला जमणार नाही त्याला तिकीट छापील दराने परत करण्याची अधिकृत सोय हवी. मागणी बघून तासातासाला दर बदलण्याची पद्धत काही आयपीएल संघांनी सुरू केली आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यांत ती आणू नये.

पिण्याचं पाणी प्रत्येक स्टँडमध्ये मोफत. यावर मी जास्त काही लिहीत नाही, लिहावं लागतंय हेच पुरे.

रात्रीचा सामना किती वाजता संपेल हे तुम्हाला आधी माहीत असतं; मध्य आणि पश्चिम रेल्वेशी बोलून जादा गाडी ठरवून तिची वेळ तिकिटावरच छापावी.

ठाणे जिल्ह्यात एक लाख क्षमतेचं नवं स्टेडियम बांधायचं चाललं आहे. ते झालं तर आमच्या मुलांना चर्चगेट गाठावं लागणार नाही, त्यामुळे मी त्याची वाट बघणाऱ्यांतला आहे. पण त्यासाठी सरकारी जमीन देताना किती टक्के खुर्च्या लोकांना आणि कुठल्या दराने, हे करारातच लिहिलेलं असावं. पायाभरणीनंतर तो विषय कुणी काढणार नाही. 2025च्या मे महिन्यात वानखेडेच्या स्टँडना नवी नावं दिली गेली. अजित वाडेकरांचं नाव लागलं याचा आनंद आहे. त्याच स्टँडमध्ये दहावीपर्यंतच्या मुलांसाठी चार रांगा ठेवता आल्या तर तेवढ्यासाठी नव्या पाटीचा खर्च येणार नाही.

या पत्राला स्वतंत्र उत्तराची मला अपेक्षा नाही. वानखेडेवरच्या पुढच्या सामन्याचा तक्ता संकेतस्थळावर आला की मला उत्तर मिळालं असं समजेन. शाळांच्या ब्लॉकचं ठरलं तर मात्र जरा आधी कळवा. संमतीपत्रं गोळा करायला आठवडा जातो आणि मुख्याध्यापकांची सही शनिवारी मिळत नाही.

आपला,
एक क्रीडाशिक्षक
कल्याण